रुग्णाच्या उशाशी उभा पुरुष

एप्रिल २०२०. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन कोविडने गंभीर आजारी होऊन लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात पोचले होते. तिथून बाहेर पडल्यावर, १२ एप्रिलला, त्यांनी एक चित्रफीत प्रसारित केली. आभार अनेकांचे मानले, पण दोन नावे त्यांनी मुद्दाम वेगळी घेतली : न्यूझीलंडची जेनी आणि पोर्तुगालचा लुईस. काहीही होऊ शकले असते अशा त्या अठ्ठेचाळीस तासांत हे दोघे उशाशी उभे होते. रात्रभर ते पाहत होते, विचार करत होते आणि गरज पडताच उपाय करत होते, असे जॉन्सन म्हणाले. नर्सिंग म्हणजे काय, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी सांगितले असेल. लक्ष ठेवणे, त्याचा अर्थ लावणे, वेळेवर हात घालणे. यातले कोणते काम स्त्रीचे आणि कोणते पुरुषाचे, हे सांगता येणार नाही.

ज्या सेंट थॉमस रुग्णालयात लुईस काम करत होता, तिथेच १८६० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून आधुनिक नर्सिंगची शाळा सुरू झाली होती. त्या शाळेत प्रवेश फक्त स्त्रियांना होता.

पुढच्या पानांवर परिचारक स्वतः बोलणार आहेत. त्यांचे अनुभव वाचण्याआधी पुरुषाने नर्स व्हावे का हा प्रश्न कुठून आला आणि कसकसा वाढला, याची मांडणी करणे गरजेचे आहे. पुरुष नर्स म्हटले की आपल्याकडे अजून चेहऱ्यावर हसू येते, किंवा निदान प्रश्न तरी. ‘डॉक्टर नाही होता आलं का?’ हा त्यांतला सर्वांत नेहमीचा. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण त्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले असते : शुश्रूषा हे पुरुषाने निवडण्याजोगे काम नाही, कुठेतरी अडखळलेला माणूसच इथे येतो.

हे गृहीतक फार जुने नाही. चरकसंहितेने चिकित्सेचे चार आधार सांगितले : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाकडून अपेक्षा केली ती शुश्रूषेच्या ज्ञानाची, दक्षतेची, रुग्णाविषयीच्या आपुलकीची आणि स्वच्छतेची. रुग्णासाठी घर कसे सज्ज करावे हे सांगताना त्याच ग्रंथात रुग्णाला न्हाऊ घालणारे, अंग चेपणारे, उठवून बसवणारे, निजवणारे, औषधे वाटणारे असे सेवक नेमायला सांगितले आहेत. तिथे ही कामे पुरुषांनी करण्यात कुणाला वावगे वाटलेले दिसत नाही. युरोपातही तेच. सोळाव्या शतकात ग्रॅनडामध्ये जॉन ऑफ गॉड आणि रोममध्ये कॅमिलस दे लेलिस यांनी रुग्णसेवेला वाहिलेले पंथ उभे केले. कॅमिलस तरुणपणी सैनिक होता, जुगारी होता. पुढे त्याच्या पंथातले पुरुष झग्यावर तांबडा क्रूस लावून प्लेगच्या रुग्णांत वावरू लागले. अ‍ॅलेक्सियन बंधूंचा पंथ तर प्लेगने मेलेल्यांना मूठमाती देण्यातून आणि आजाऱ्यांच्या शुश्रूषेतूनच वाढला. युद्धभूमीवर जखमी सैनिकाला पाणी पाजणारा, त्याचे अंग पुसणारा माणूस शतकानुशतके बहुधा दुसरा सैनिकच होता.

मग १८५४ साल आले. क्रिमियाच्या युद्धात नाइटिंगेल ३८ स्त्रियांना घेऊन स्कुटारीला गेल्या आणि त्यांनी तिथल्या रुग्णालयाचे रूप पालटले. त्यांच्या कामाची थोरवी निर्विवाद आहे. मध्यमवर्गीय स्त्रीला घराबाहेर पडून, मानाने, स्वतःच्या ज्ञानावर पैसे मिळवता येतील असे क्षेत्र त्या काळात जवळजवळ नव्हतेच. ते त्यांनी निर्माण केले. मात्र ते स्वीकारले जावे म्हणून रुग्णालयाची घडी एका व्हिक्टोरियन कुटुंबासारखी बसवली गेली : आज्ञा देणारे डॉक्टर वडिलांच्या जागी, पोटाशी धरणारी नर्स आईच्या जागी, रुग्ण लेकरांच्या जागी. या घडीत पुरुष परिचारकाला जागाच उरली नाही. ज्यांना हाकलता आले नाही त्यांना वेड्यांच्या इस्पितळात आणि लष्करी बराकीत पाठवण्यात आले, जिथे दांडग्या हातांची गरज मानली जात होती. ‘पुरुष नर्स म्हणजे ताकदीचे काम’ हा समज तिथला आहे, आणि तो आजही प्रत्येक कॅज्युअल्टीत जिवंत आहे.

मागच्या दाराने का होईना, पुरुष आत येत राहिले. संस्थांनी मात्र दारे फार सावकाश उघडली. ब्रिटनमध्ये १९१९ च्या कायद्याने परिचारिकांची नोंदणी सुरू झाली तेव्हा पुरुषांसाठी वेगळी, पुरवणी यादी ठेवली गेली. तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने पुरुषांना सभासदत्व दिले ते १९६० साली, स्थापनेनंतर ४४ वर्षांनी. अमेरिकेच्या लष्करी परिचर्या दलात पहिला पुरुष अधिकारी १९५५ साली नेमला गेला. म्हणजे दुसरे महायुद्ध लढून, संपवून, कोरियाचे युद्धही आटोपल्यावर.

ल्यूथर क्रिस्टमन यांची कहाणी या संदर्भात सांगावीच लागते. १९१५ साली पेन्सिल्व्हेनियातल्या एका खाणगावात जन्मलेल्या या माणसाने पुरुषांसाठीच्या वेगळ्या शाळेत नर्सिंग शिकले. शिकत असताना त्यांना प्रसूती विभागात पाऊल टाकू दिले नाही. महायुद्ध सुरू झाल्यावर आघाडीवर परिचारक म्हणून जाण्याची त्यांनी तयारी दाखवली, तर परिचर्या दल फक्त स्त्रियांसाठी आहे, असे उत्तर आले. सैनिक मरत होते, परिचारिका कमी पडत होत्या, आणि प्रशिक्षित माणूस दारात उभा होता. पुढे १९६७ साली हेच क्रिस्टमन व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या नर्सिंग विद्याशाखेचे अधिष्ठाता झाले, आणि पुरुष परिचारकांची अमेरिकेतली संघटना उभी करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्यांच्यासारखे टिकून राहिलेले थोडे. अपमान गिळून दुसऱ्या धंद्याला लागलेल्यांची नोंद कुणी ठेवत नाही.

दुसरे उदाहरण जो होगन यांचे. मिसिसिपी राज्यात कोलंबस गावी ते आधीच नोंदणीकृत परिचारक म्हणून नोकरी करत होते. त्यांना पदवी हवी होती आणि गावातच नर्सिंग शिकवणारे विद्यापीठ होते, पण ते स्त्रियांचे. वर्गात बसून ऐकायला हरकत नाही, पदवी मिळणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८२ साली पाच विरुद्ध चार मतांनी होगन जिंकले. निकाल लिहिला होता सँड्रा डे ओ’कॉनर यांनी, त्या न्यायालयातल्या पहिल्या स्त्री न्यायाधीशांनी. पुरुषांना वगळण्याने स्त्रियांचे भले होत नाही, उलट नर्सिंग हे फक्त बायकांचे काम आहे हा जुनाच समज त्यातून पक्का होतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. या विषयावर इतके नेमके न्यायालयीन विवेचन दुसरे नसेल. पुढच्याच वर्षी, १९८३ साली, ब्रिटनमध्ये सुईणीच्या प्रशिक्षणावरची पुरुषांसाठीची बंधने पूर्णपणे उठली.

आता आपल्याकडे वळू. भारतातली कथा लंडनच्या कथेची नक्कल नाही. इथे शुश्रूषेच्या वाटेत लिंगभावाच्याही आधी जात उभी होती. दुसऱ्याची थुंकी, रक्त, मलमूत्र यांना हात लावणे हे ज्या समाजात जन्माने ठरवून दिलेल्या माणसांचे काम होते, तिथे शिकलेल्या घरातून नर्स यावी कशी? मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८९१ साली बाई काशीबाई गणपत प्रशिक्षणाला आल्या. भारतीय परिचर्येच्या इतिहासात त्यांची नोंद पहिली भारतीय प्रशिक्षणार्थी म्हणून होते. त्यानंतरही कितीतरी दशके हा पेशा मुख्यतः ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन आणि पुढे केरळी मुलींनी सांभाळला. रात्रपाळी करणारी, परक्या पुरुषाला स्पर्श करणारी म्हणून त्यांच्या चारित्र्याविषयी काय काय बोलले गेले, ते ज्येष्ठ परिचारिकांना विचारावे. १९४६ च्या भोर आरोग्य समितीला देशात सुमारे ४३,००० लोकांमागे एक नर्स आढळली, त्यामागे गरिबीबरोबर ही घृणाही होती.

म्हणजे परिचारकाच्या वाट्याला येणारी हेटाळणी ही मुळात परिचारिकेच्या वाट्याला आलेल्या हेटाळणीचीच शाखा आहे. स्त्रीने हे काम केले तर तिच्या शीलावर शंका, पुरुषाने केले तर त्याच्या पुरुषपणावर. काम जर खरोखर मानाचे मानले असते, तर ते करणारा पुरुष हास्यास्पद वाटला नसता. २००० साली आलेल्या ‘मीट द पेरेंट्स’ या अमेरिकी चित्रपटात नायक नर्स असणे हाच सासऱ्याच्या टोमण्यांचा विषय होता. तो विनोद भाषांतराशिवाय आपल्याकडेही कळला, कारण त्यामागचा समज आपल्याही ओळखीचा होता.

आणि तरीही महाराष्ट्राला शुश्रूषा करणारा पुरुष अनोळखी नाही. उलट, त्याच्यापुढे आपण हात जोडतो. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात १९३९ च्या सुमारास संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने जर्जर होऊन आले. त्यांच्यासाठी जवळच झोपडी बांधली गेली आणि गांधीजी स्वतः त्यांच्या जखमा पाहत, अंगाला मालिश करत. त्याचे छायाचित्र आजही पाठ्यपुस्तकांत, भिंतींवर दिसते. गांधीजींसाठी हे नवे नव्हते. बोअर युद्धात १८९९ साली त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये हिंदी लोकांचे रुग्णवाहक पथक उभे केले होते, आणि त्याआधी पोरवयात आजारी वडिलांची शुश्रूषाही केली होती. अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे : जखमा धुणाऱ्या पुरुषांची आपल्याकडे परंपराच आहे, आणि ती आपण अभिमानाने सांगतो.

मग जिल्हा रुग्णालयात रात्री दोन वाजता तीच जखम धुणारा, त्यासाठी पगार घेणारा, जीएनएम ही नर्सिंगची पदविका घेतलेला पंचवीस वर्षांचा मुलगा आपल्याला कमी का वाटतो?

या प्रस्तावनेचा गाभा हाच प्रश्न आहे. पुरुषाने केलेली शुश्रूषा व्रत असेल तर आपल्याला ती पूज्य वाटते. नोकरी असेल तर तिचा कमीपणा वाटतो. व्रत करणारा मोठा माणूस खाली वाकलेला असतो आणि त्याचे वाकणे हीच त्याची थोरवी ठरते. परिचारक वाकतो तेव्हा ती त्याची जागाच आहे असे मानले जाते. या भेदात जातीचा वास आहे, आणि तो नाकारून चालणार नाही. घाणीला हात लावणे हे काहींसाठी त्याग आणि काहींसाठी नियती, ही जुनी वाटणी दवाखान्याच्या दारातून आपल्यासोबत आत येते. परिचारकाला हवे आहे ते तिसरेच काहीतरी : आपले काम त्यागही नाही आणि नियतीही नाही, ती तीन-चार वर्षे शिकून मिळवलेली विद्या आहे, एवढे मान्य व्हावे.

वॉर्डात रोज काय घडते ते पाहिले की हे स्पष्ट होते. आपल्या रुग्णालयांत हाका ठरलेल्या आहेत. परिचारिका सिस्टर, आया मावशी, वॉर्डबॉय मामा. परिचारकाला अधिकृतपणे ब्रदर म्हणतात, पण नवा रुग्ण त्याला स्टेथोस्कोपसह पाहिले की ‘डॉक्टरसाहेब’ म्हणतो आणि बेडपॅनसह पाहिले की ‘मामा’. मामांचे काम मोलाचे आहे, त्यात कमीपणा नाही. अडचण ही की या दोन्ही हाकांमध्ये परिचारक दिसतच नाही. सलाइनमधून जाणाऱ्या औषधाची मात्रा मोजणारा, व्हेंटिलेटरचा अलार्म का वाजला हे ओळखणारा, डॉक्टरला वेळेत बोलावणारा माणूस लोकांच्या नजरेत अस्तित्वातच नसतो.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ क्रिस्टीन विल्यम्स यांनी १९९२ साली एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली होती. स्त्रियांच्या समजल्या जाणाऱ्या पेशांत शिरलेल्या पुरुषांना बाहेरच्या जगात टोमणे मिळतात, पण संस्थेच्या आत अदृश्य सरकता जिना मिळतो. त्यांना न मागता वरच्या जागांकडे, प्रशासनाकडे, अध्यापनाकडे ढकलले जाते. अमेरिकी जनगणना विभागाची आकडेवारीही तेच सांगते. १९७० साली तिथल्या नोंदणीकृत नर्सेसमध्ये पुरुष २.७ टक्के होते, २०११ साली ९.६ टक्के झाले, आणि त्या वर्षी पुरुषांची सरासरी कमाई स्त्रियांपेक्षा सुमारे साडेनऊ हजार डॉलरने जास्त होती. ज्या पेशात दहातल्या नऊ स्त्रिया आहेत तिथेही हे घडले. परिचारकांच्या बाजूने बोलताना ही बाब लपवणे अप्रामाणिक ठरेल. परिचारिकांच्या संघटनांमध्ये पुरुषांच्या येण्याबद्दल जी साशंकता दिसते, तिला असा आधार आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. २००९ साली एडिया हार्वे विंगफील्ड यांनी कृष्णवर्णीय परिचारकांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा तो सरकता जिना त्यांच्यासाठी थांबलेला आढळला. गोऱ्या परिचारकाला रुग्ण डॉक्टर समजत, कृष्णवर्णीय परिचारकाला सफाई कामगार. बढतीचा आग्रह नाही, सहकाऱ्यांची जवळीक नाही. पुरुष असण्याचा फायदा सगळ्या पुरुषांना सारखा मिळत नाही, हे त्यातून दिसले. आपल्याकडे आडनाव विचारून मग वागणूक ठरवणाऱ्या समाजात या निष्कर्षाचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. इथल्या परिचारकांचा अभ्यास करणाऱ्याने लिंग आणि जात एकत्रच पाहायला हवी.

घरची बाजू आणखी नाजूक आहे. बारावीनंतर मुलगा नर्सिंगला गेला की नातेवाइकांना सांगताना ‘मेडिकल लाइनमध्ये आहे’ असे म्हटले जाते. स्थळ पाहताना बायोडेटात ‘हॉस्पिटलमध्ये सरकारी नोकरी’ एवढेच लिहिले जाते. मुलीला नर्सिंगला घालताना आज निदान नोकरीची खात्री म्हणून समाधान असते. मुलाच्या बाबतीत तीच खात्री अपुरी वाटते, कारण नोकरीबरोबर त्याने रुबाबही आणावा ही अपेक्षा असते. राजस्थानने याबाबतीत वेगळे चित्र दाखवले आहे. तिथे सरकारी परिचारकाची नोकरी ही खेड्यातल्या मुलांची रीतसर स्वप्नातली नोकरी झाली आणि तिथून मोठ्या संख्येने मुले देशभरच्या केंद्रीय रुग्णालयांत पोचली. पगार, पद आणि स्थैर्य मिळाले की ‘बायकी काम’ ही कुजबुज किती लवकर विरते, याचा हा पुरावा आहे.

सर्वांत अवघड प्रश्न स्पर्शाचा. स्त्री रुग्णाला पुरुष परिचारक नको वाटू शकतो, आणि तिचा तो नकार आदरानेच घ्यायला हवा. शरीर तिचे आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३ साली अरुणा शानबाग या परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला, आणि पुढची ४२ वर्षे तिच्या सहकारी परिचारिकांनी तिला जपले. हे ज्या राज्याने पाहिले आहे, त्याला रुग्णालयातल्या स्त्रीच्या सुरक्षिततेची चिंता अनाठायी म्हणता येणार नाही. प्रश्न उपायाचा आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ पुरुष असतो तेव्हा आपण एखाद्या स्त्री कर्मचाऱ्याला सोबत उभे करतो आणि तपासणी पार पडते. तोच शिरस्ता परिचारकालाही लागू करता येतो. त्याउलट पुरुष रुग्णाचे अंग पुसणे, लघवीची नळी घालणे ही कामे परिचारिका वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. त्या पुरुष रुग्णाला संकोच वाटतो का, आणि त्या परिचारिकेला काय वाटते, हे फारसे कुणी विचारत नाही. रुग्णाला निवड मिळावी हे तत्त्व मान्य असेल तर ते दोन्ही बाजूंनी मान्य हवे, आणि ते अमलात आणायला वॉर्डात परिचारक आणि परिचारिका दोघेही पुरेसे असायला हवेत.

शिक्षणात हा संकोच वर्षानुवर्षे मुरला होता. पूर्वी मुलांना प्रसूतिशास्त्राऐवजी मानसोपचारासारखा पर्यायी विषय दिला जाई. आज बी.एस्सी. नर्सिंगमध्ये प्रसूतिशास्त्र सगळ्यांनाच आहे, पण प्रसूतिकक्षात मुलांना पडद्याबाहेर उभे ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी गेलेली नाही. त्याच प्रसूतिकक्षात एमबीबीएसचा मुलगा मात्र आत असतो. परीक्षा दोघांची होणार, जबाबदारी दोघांवर येणार. खेड्यातल्या उपकेंद्रात अडलेली बाई समोर आली तर परिचारकाने काय करावे? त्याने न पाहिलेल्या बाळंतपणाची किंमत त्या बाईला मोजावी लागेल.

लष्करात तर विसंगती कायद्यातच लिहिली गेली. १८८८ साली दहा ब्रिटिश परिचारिका मुंबईच्या बंदरात उतरल्या, तिथून भारतातल्या लष्करी परिचर्येची सुरुवात मानतात. पुढे १९४३ च्या अध्यादेशाने मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसला आजचा आकार आला, आणि त्यात नेमणुकीची तरतूद स्त्रियांपुरती ठेवली गेली. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयातले बी.एस्सी. नर्सिंगचे शिक्षण त्यामुळे मुलींसाठीच राहिले. गंमत म्हणून सोडून देण्याजोगी ही बाब नाही, कारण आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून हजारो जवान काम करतात. गोळीबारात जखमी झालेल्या साथीदाराचा रक्तस्राव थांबवायला पुरुष चालतो. तोच पदवी घेऊन परिचर्या अधिकारी होऊ म्हणाला की त्याला दार बंद असे. इंडियन प्रोफेशनल नर्सेस असोसिएशनने २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयात या तरतुदीला आव्हान दिले. २०२३ च्या सुनावणीत न्यायालयाने विचारलेला प्रश्न साधा होता : महिला अधिकारी सियाचिनला जाऊ शकते, तर पुरुष लष्करी रुग्णालयात परिचर्या का करू शकत नाही?

याच दलाने स्त्रियांनाही कसे वागवले ते सेलिना जॉन यांच्या खटल्यात दिसते. लग्न केले म्हणून १९८८ साली त्यांना सेवेतून कमी करण्यात आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा उघड लिंगभेद ठरवून ६० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. पुरुषाला आत येऊ न देणारा आणि विवाहितेला बाहेर काढणारा नियम एकाच कल्पनेतून आला : नर्स म्हणजे अविवाहित, आज्ञाधारक, कोमल स्त्री. ही कल्पना मोडली तर दोघांचीही सुटका होईल.

नागरी बाजूला वाद वेगळा आहे. एम्सच्या केंद्रीय संस्था मंडळाने २०१९ साली नर्सिंग ऑफिसरच्या जागांपैकी ८० टक्के स्त्रियांसाठी आणि २० टक्के पुरुषांसाठी ठेवण्याचा निर्णय घेतला. प्रकरण न्यायाधिकरणात आणि न्यायालयांत गेले. प्रसूती कक्षात, स्त्री रुग्णांच्या वॉर्डांत परिचारिकाच लागतात, हे समर्थन रास्त आहे. स्त्रियांना उपलब्ध असलेल्या मोजक्या सन्माननीय नोकऱ्यांपैकी ही एक आहे, हेही खरे. पण हृदयविकार विभाग, शस्त्रक्रियागृह, अपघात विभाग, डायलिसिस अशा ठिकाणी हेच प्रमाण का, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. जागा वॉर्डाच्या गरजेनुसार मोजाव्यात. समजुतीनुसार मोजलेल्या जागा अन्यायच करतात, मग तो कुणावरही असो.

नर्सिंग हे स्त्रीच्या स्वभावातच असते, असे म्हणणाऱ्यांनी जगाचा नकाशा पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या पाहणीनुसार आफ्रिका विभागात परिचर्या करणाऱ्यांत सुमारे ३५ टक्के पुरुष आहेत. अमेरिका खंडात ते १४ टक्क्यांच्या आसपास भरतात. स्वभाव खंडाखंडाला इतका बदलत नाही. बदलतात त्या प्रथा, पगार आणि संधी. याच संघटनेच्या २०२५ च्या अहवालात जगभरातली नर्सेसची तूट सुमारे ५८ लाख सांगितली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात रुग्णसेवेतले मनुष्यबळही आहे. तिकडे जाणाऱ्या मुलाला ‘नर्स होऊन काय करणार?’ असे कुणी विचारणार नाही. इथे राहून तेच काम करणाऱ्यालाही तो प्रश्न ऐकावा लागू नये.

पगाराचे बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. कमी पगार हे या कलंकाचे कारणही आहे आणि परिणामही. काम बायकांचे म्हणून स्वस्त राहिले, आणि स्वस्त म्हणून पुरुषाला शोभेना असे झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली खासगी रुग्णालयांतल्या नर्सेसच्या वेतनाचा प्रश्न केंद्राकडे सोपवला. त्यावर नेमलेल्या समितीने ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयांतही महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी देऊ नये आणि २०० खाटांच्या वरच्या रुग्णालयांनी राज्य सरकारइतके वेतन द्यावे, अशी शिफारस केली. आपल्या शहरातल्या एखाद्या नर्सिंग होममध्ये सहज चौकशी केली, तरी शिफारस आणि वास्तव यांतले अंतर कळेल. केरळात २०११ साली युनायटेड नर्सेस असोसिएशन उभी राहिली, तिच्या आघाडीवर परिचारक मोठ्या संख्येने होते, आणि त्यांच्या संपांचा फायदा मुख्यतः परिचारिकांना झाला. पुरुषांच्या येण्याने पेशाचे काय होईल, या शंकेला मिळालेले हे एक आश्वासक उत्तर आहे.

राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षातर्फे होणारी बी.एस्सी. नर्सिंगची परीक्षा मुलांनाही खुली आहे. ज्यांच्या घरात यंदा बारावीचा मुलगा आहे आणि त्याला हे काम करावेसे वाटते आहे, त्यांनी पुढची मनोगते त्याच्यासोबत बसून वाचावीत. मग त्याला तो अर्ज भरू द्यावा, आणि कुणी विचारले तर मुलगा नर्सिंग शिकतो असे सरळ सांगावे.